झेड८० ब्रेडबोर्डवर : हात जवळ नेला की चालतो, काढला की गप्प

कोथरूडचा_बिट

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला, वय ४४, हार्डवेअरशी नातं म्हणाल तर डिप्लोमाला ८०८५ च्या किटवर दोन नंबरांची बेरीज केली होती तेवढंच. दिवाळीत माळा आवरताना ते जुनं जर्नल सापडलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला की एक आख्खा आठ बिटचा कॉम्प्युटर आपण स्वतः जोडायचा, तयार किट आणायचं नाही, प्रत्येक वायर आपल्या हातची. ८०८५ सोडून झेड८० हा सीपीयू घेतला कारण त्यात अ‍ॅड्रेस आणि डेटाच्या पिना वेगळ्या आहेत, ८०८५ सारखं एकाच पिनांवरून ते दोन्ही वेगळे काढायचं एएलई आणि ३७३ लॅचचं लफडं नाही. दोन शनिवार तपकीर गल्लीत घालवून ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायर खोचायची भोकांची पाटी), ५५५ टायमर, एलईडी, रेझिस्टर, सिंगल स्ट्रँड वायर असं सगळं आणलं, सीपीयू तेवढा ऑनलाइन मागवला.

सध्या रॅम नाही रॉम नाही, फक्त फ्री रन करून बघतोय. म्हणजे डेटाच्या आठही पिना एकेक के मधून ग्राउंडला, सीपीयूला कायम ०० दिसणार, ०० म्हणजे एनओपी, ‘काही करू नको’ ही आज्ञा, त्यामुळे तो काहीच न करता पुढे पुढे जात राहणार आणि अ‍ॅड्रेस लाइनवरचे १६ एलईडी बायनरीत मोजत राहणार. क्लॉक ५५५ चा, साधारण ८ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आठ ठोके.

आणि तो मोजतो! पहिल्यांदा मोजायला लागला तेव्हा रात्री पावणेबारा वाजता मी एकटाच टाळ्या वाजवल्यात. पण मग मध्येच कधी सगळे एलईडी एकदम विझतात, कधी विझत नाहीत पण आहे त्या आकड्यावर थिजून बसतात, आणि बोर्डाच्या उजव्या बाजूला हात नुसता जवळ नेला, टेकवला पण नाही, तरी परत सुरू. हात काढला की दोनचार मिनिटांत पुन्हा तेच. बायको म्हणते त्याला मायेची ऊब लागते.

दुसरं म्हणजे नीट चालू असतानाही साधारण मिनिटभराने ए७ चा एलईडी प्रत्येक स्टेपला लागतो-विझतो लागतो-विझतो करायला लागतो, तो एकदा लागला की बराच वेळ लागूनच राहायला पाहिजे ना?

वेट, बस रिक्वेस्ट, आयएनटी, एनएमआय चारही प्लसला बांधल्यात. रिसेटला १० के, १० मायक्रोफॅरड आणि बटण. सप्लाय जुन्या मोबाइल चार्जरचा, मीटरवर ५.०८ व्होल्ट. चिपवर झेड८४सी००२० छापलंय पण छपाई जरा जास्तच नवी कोरी दिसते, डुप्लिकेट असेल का हीच शंका येतेय. तीन रात्री गेल्या, काय चुकतंय?

रिकामटेकडा_पुणेकर

प्रश्न वाचला, आवडला, पण एवढ्या वायरी जोडून शेवटी यंत्र काय करणार तर एक दोन तीन मोजणार. ज्या गावात १९९१ साली परम ८००० सुपरकॉम्प्युटर उभा राहिला त्या गावात २०० वायरींचं कॅल्क्युलेटर. एक आर्डुइनो, तो तयार कंट्रोलर बोर्ड, आणा, पाच मिनिटांत एलईडी लुकलुकतील आणि रात्री वेळेवर झोपाल.

शून्यएक

@रिकामटेकडा साहेब, ट्रेकला जाणाऱ्याला सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते म्हणून सांगण्यासारखं आहे हे.

@कोथरूडचा_बिट चिप खरी खोटी नंतर बघू, आधी सीमॉस आहे का एनमॉस (चिप बनवायच्या दोन पद्धती) ते बघा. झेड८४सी मधला सी म्हणजे सीमॉस, तो क्लॉक पार थांबवला तरी चालतो. पण नुसता झेड८४०० म्हणजे जुना एनमॉस असेल आणि वरून कोणी नवं नाव छापून विकला असेल तर डेटाशीटप्रमाणे क्लॉक लो जास्तीत जास्त दोन मायक्रोसेकंद राहिला पाहिजे, ८ हर्ट्झवर तो आतल्या आत विसरायला लागला तर त्याचा दोष नाही. कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन छपाई पुसून बघा, जुने आयसी घासून पुन्हा छापलेले असले की शिक्का सरळ कापसावर येतो.

दुसरं, ५५५ चा क्लॉक सरळ सीपीयूला देऊ नका. साधा एनई५५५ ५ व्होल्टवर हाय म्हणून जेमतेम ३.३ च्या आसपास देतो. मध्ये एक ७४एलएस१४ (सिग्नल साफ करणारा इन्व्हर्टर) टाका, कडा पण धारदार होतील.

लॅबवाले_सर

मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये २६ वर्षं काढली, ८०८५ ची किटं किती दुरुस्त केली त्याचा हिशेब नाही, म्हणून चार शब्द.

चिपवर संशय घेण्याआधी तुम्ही स्वतः लिहिलेलं परत वाचा, रोग त्यातच सांगितलाय. एलईडी "सगळे एकदम विझतात". सीपीयू बंद पडला किंवा भलतीकडे गेला तर काहीतरी आकडा दिसत राहतो, सोळाच्या सोळा लाइन एकदम मेल्यासारख्या होतात त्या सीपीयूने बस, म्हणजे या सगळ्या लाइनी, सोडून दिली की. आणि रिसेट दाबलेलं नसेल तर बस तो आपण होऊन सोडत नाही, कोणीतरी मागितली की सोडतो. म्हणजे पिन २५, बस रिक्वेस्ट. आणि "थिजतो" ते लक्षण पिन २४ चं, वेट. या दोघी शेजारणी आहेत. दोन वेगळे आजार नाहीत, एकाच जागी काहीतरी झालंय.

आता असं करा. एलईडी विझले की हात न लावता पिन २३ मोजा, ती बस अ‍ॅक, ती शून्याजवळ असेल तर माझं म्हणणं खरं. मग पिन २४ आणि २५ मोजा, पण मीटरची काळी टोचणी पिन २९ वर आणि लाल टोचणी सीपीयूच्या पायावर, ब्रेडबोर्डच्या भोकात किंवा कडेच्या पॉवरच्या पट्टीवर (रेलवर) नाही. पोरं नेहमी सप्लाय जिथून आत येतो तिथे मोजतात आणि पाच व्होल्ट आहेत म्हणतात. तिथे असणारच हो, तिथूनच तर येतायत.

ए७ बद्दल निर्धास्त राहा, तो बिघाड नाही. झेड८० प्रत्येक ऑपकोड आणताना चार क्लॉक घेतो, त्यातल्या पहिल्या दोनांत खरा अ‍ॅड्रेस आणि उरलेल्या दोनांत डायनॅमिक रॅमसाठी रिफ्रेशचा अ‍ॅड्रेस बाहेर टाकतो. रिफ्रेशला खालच्या सात लाइनींवर आर रजिस्टरचा मोजता आकडा असतो आणि वरच्या आठवर आय रजिस्टर, जो रिसेटनंतर शून्य. तुमच्याकडे एनओपीशिवाय काहीच चालत नाहीये त्यामुळे पीसी (प्रोग्रॅम काउंटर, खरा पत्ता मोजणारा) आणि आर हातात हात घालून जातात आणि ए० ते ए६ वर फरक कळतच नाही. १२८ वा आकडा आला की खऱ्या अ‍ॅड्रेसमध्ये ए७ लागतो, रिफ्रेशमध्ये विझतो, म्हणून लुकलुक. १२८ गुणिले ४ क्लॉक भागिले ८ हर्ट्झ, ६४ सेकंद. तुमचं "मिनिटभराने" बरोबर तिथेच येतं. उलट हे दिसतंय म्हणजे सीपीयू ठणठणीत आहे.

शून्यएक, ५५५ बद्दल बरोबर बोललात पण औषध चुकलं. झेड८० च्या क्लॉक पिनला इतर पिनांसारखे दोन-सव्वादोन व्होल्ट चालत नाहीत, सप्लायपेक्षा फार तर ०.६ ने कमी, म्हणजे ४.४ तरी पाहिजेत. एलएस घराण्याचा हाय म्हणजे हमी फक्त २.७ ची, प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास. दुखणं तेच राहिलं की. त्याचाच सीमॉस भाऊ एचसी१४ घ्या, तो पाचाला जवळपास पाच देतो, आणि ५५५ च्या आउटपुटला एक के पुल-अप (प्लसला रेझिस्टर) लावा म्हणजे एचसी१४ ला पण आत येताना नीट हाय मिळेल.

तायडी६५०२

सरांच्या उत्तरानंतर लिहायला धाडस होतंय पण काका, तुमच्या ब्रेडबोर्डच्या कडेची लाल रेघ मध्ये तुटलेली आहे का बघा ना! माझा ६५०२ चा (तोही आठ बिटचा सीपीयू) बोर्ड याच्यापायी आठवडाभर रखडला होता. काही मोठ्या ब्रेडबोर्डवर पॉवरची पट्टी मधोमध तोडलेली असते, डाव्या अर्ध्याला ५ व्होल्ट दिले तर उजवं अर्धं नुसतंच लोंबकळत असतं, आणि त्याची खूण म्हणजे छापलेल्या रेघेत एवढीशी फट. मी ती फट छपाईची चूक समजले होते. सीमॉसची पिन अशी लोंबकळत राहिली की तीच अँटेना होते, हात नेला की बदलते, ट्यूबलाइट लावली की बदलते, माझा बोर्ड तर मिक्सर लावला की रिसेट व्हायचा.

आणि हो १०४ चे (०.१ मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर लावलेत का? यादीत दिसले नाहीत. प्रत्येक आयसीच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये एक, आयसीला चिकटून.

कोथरूडचा_बिट

काका म्हणालीस ते सोडून सगळं पटलं 🙂

काल गुरुवार, दिवसभर लाइट नव्हती म्हणून आज लिहितोय. सरांनी सांगितलं तसं एलईडी विझायची वाट बघत मीटर धरून बसलो. पिन २३ वर ०.१ व्होल्ट. मग २५ च्या पायावर टोचणी ठेवली तर १.९, २.३, १.४, आकडा नुसता नाचतोय. २४ वर पण अगदी तोच नाच. मग चष्मा लावून ब्रेडबोर्ड खिडकीत नेला आणि तायडीची फट दिसली, दोन मिलिमीटर, तीन रात्री माझ्या नाकासमोर होती.

मजा कशी बघा, आयएनटी आणि एनएमआय च्या वायरी मी आडव्यातिडव्या लांब नेऊन डाव्या बाजूला लावल्या होत्या, त्या नीट चालत होत्या. वेट आणि बस रिक्वेस्टच्या वायरी मात्र बोर्ड सुबक दिसावा म्हणून अगदी छोट्या कापून जवळच्याच पट्टीत खोचल्या, आणि ते मेलेलं अर्धं होतं. दोन इंच वायरने पट्टी जोडली, १०४ ठोकले. कालपासून नव्हे, दुपारपासून सलग चालू आहे, हात लांब, बायको लांब.

एक कळलं नाही सर, दोन्ही पिना एकाच मेलेल्या पट्टीवर म्हणजे दोन्ही एकाच वेळी लो जात असणार, मग कधी थिजायचा आणि कधी विझायचा असं दोन तऱ्हेचं का?

लॅबवाले_सर

चांगला प्रश्न विचारलात, तोंडी परीक्षेत असं कोणी विचारलं असतं तर दोन मार्क जास्त दिले असते. पट्टी कोणत्या क्षणी घसरली त्यावर ठरतं. सीपीयू वेट बघतो दुसऱ्या क्लॉकला आणि बस रिक्वेस्ट बघतो मशीन सायकलच्या (एका वाचन-लेखनाच्या फेरीच्या) शेवटच्या क्लॉकला. दुसऱ्याच्या आधी लो झाली तर तो तिथेच वेटमध्ये अडकणार, सायकल संपणारच नाही मग बस सोडायची पाळीच येत नाही, म्हणून थिजलेला दिसतो. दुसरा क्लॉक सुखरूप गेला आणि नंतर लो झाली तर सायकल पुरी करून बस सोडणार, म्हणून विझतो. ८ हर्ट्झवर चालवत होतात म्हणून हे डोळ्यांना दिसलं, ४ मेगाहर्ट्झवर नुसतं "बंद पडतो" एवढंच कळलं असतं.

आता रॉम लावा. २८सी२५६ असेल तर ३२ केबी, ए१५ सरळ त्याच्या चिप सिलेक्टला, आणि पुढे ६२२५६ रॅम घ्याल तिला तोच ए१५ एचसी०४ मधून उलटा करून. आउटपुटला एक ५७४ (आठ बिट धरून ठेवणारा आयसी), आयओ रिक्वेस्ट आणि राइट एचसी३२ मधून ऑर करून त्याच्या क्लॉकला द्या. पहिला प्रोग्रॅम हा घाला :

३ई ०० डी३ ०० ३सी सी३ ०२ ००

अ‍ॅक्युम्युलेटर शून्य, पोर्टवर टाक, एकने वाढव, परत ०००२ वर जा. आठ बाइट. तुमचं ते जर्नल उघडा, ८०८५ चे एमव्हीआय, आउट, आयएनआर, जेएमपी काढून ताडून बघा, बाइटला बाइट तेच आहेत. फेडेरिको फॅगिन साहेबांनी इंटेलमध्ये ८०८० वर काम केलं, मग बाहेर पडून झायलॉग काढली आणि १९७६ ला झेड८० आणला तो ८०८० चे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील असाच. डिप्लोमाचा अभ्यास फुकट गेला नाही तुमचा.

शून्यएक

एलएस१४ बद्दल कान धरले सर. चूक भरून काढायला एक युक्ती देतो, रॉम आणि पोर्ट लागलाच आहे तर चिपची जात विनामीटर कळेल. ०ई ०० ईडी ७१ ७६ हे पाच बाइट घाला. ईडी ७१ ही डेटाशीटमध्ये नसलेली इन्स्ट्रक्शन आहे, एनमॉस असेल तर पोर्टवर शून्य टाकतो आणि सीमॉस असेल तर एफएफ. आठही एलईडी लागले म्हणजे सीमॉस. आधी पोर्टवर दुसरा काहीतरी आकडा टाकून घ्या म्हणजे एलईडी मुळात विझलेलेच होते का शून्य आल्यामुळे विझले हा घोळ नको.

तायडी६५०२

काका पुढचा बोर्ड ६५०२ चा करा पण. झायलॉगने २०२४ मध्ये सुटा झेड८० बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, आता मिळतात ते उरलेले, काढलेले नाहीतर रंगवलेले. ६५सी०२ अजून नवा कोरा बनतो, १४ मेगाहर्ट्झपर्यंतचा.

लॅबवाले_सर

अगं, त्याचा पहिला तर पुरा होऊ दे.

कोथरूडचा_बिट

मंडळी, पंधरा दिवसांनी हजर. मध्ये रिलीज होती ऑफिसात.

तर आधी चिप. अ‍ॅसिटोनने छपाई कापसावर आली, म्हणजे विकणाऱ्याने रंगवून दिलेली नक्की. पण ईडी ७१ ला आठही एलईडी लागले! शिक्का खोटा आणि जात खरी. २० मेगाहर्ट्झचा आहे का देव जाणे, ४ ला चालतो, मला तेवढं बास.

सरांचे आठ बाइट पहिल्याच झटक्यात चालले असं सांगायला आवडलं असतं पण नाही, पोर्टवर आकडे उड्या मारत होते. डी४ ची वायर पिन ७ ऐवजी ८ मध्ये, म्हणजे डी३ च्या जागी. झेड८० च्या डेटा पिना कोणी ठरवल्या त्याला भेटायचंय मला, ४, ३, ५, ६, मग मध्येच प्लस ५, मग २, ७, ०, १, हा काय क्रम झाला. लॉटरीचं तिकीट आहे का.

८ हर्ट्झवर एक आकडा बदलायला तीन सेकंद लागतात, मोजून बघितलं तर एका फेरीला ११ अधिक ४ अधिक १० असे २५ क्लॉक, बरोबर येतं. ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर लावला आणि आठही एलईडी निम्म्या उजेडाने नुसते लागून राहिले, मला वाटलं गेलं सगळं. मग लक्षात आलं की सेकंदाला १,६०,००० आकडे होतायत, डोळ्याला काय दिसणार. वरच्या बिटावर २५६ ने भागून ६२५ हर्ट्झ असणार, म्हणजे ऐकू यायला पाहिजे! जुन्या खेळण्यातला स्पीकर काढला, १० मायक्रोफॅरड आणि १ के मधून डी७ ला लावला आणि जी काय पीं सुरू झाली, रात्रीचे साडेअकरा, शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

मुलगी गाणं शिकते, ती उठून आली, वैतागून नाही तर पेटी घेऊन. दोन सूर दाबून बघितले आणि म्हणाली बाबा ही काळी दोन आहे, किंचित चढी आहे पण काळी दोनच. मी शोधून बघितलं, वरच्या सप्तकातली काळी दोन ६२२ हर्ट्झ. माझ्या आठ बाइटची पट्टी कळली मला. आता तिची फर्माइश आहे की तिची पट्टी पांढरी पाच आहे, तुमच्या डब्याला त्या सुरात लावा म्हणजे षड्ज म्हणून धरता येईल. क्रिस्टल बदलायचा का?

तायडी६५०२

क्रिस्टल नका बदलू, फेरी लांबवा! मधल्या सप्तकातली पांढरी पाच ३९२ हर्ट्झ, तर ४०,००,००० भागिले २५६ भागिले ३९२, जवळपास ४० क्लॉक. तुमच्याकडे २५ आहेत, १५ वाढवायचे. दोन एनओपीचे ८ आणि एक ०६ ०० चे ७, बी रजिस्टर तसंही रिकामंच बसलंय. म्हणजे :

३ई ०० डी३ ०० ३सी ०० ०० ०६ ०० सी३ ०२ ००

३९०.६ हर्ट्झ येईल, केसभर उतरी.

रिकामटेकडा_पुणेकर

केसभर उतरी चालणार नाही, हे पुणं आहे, सवाईला येणारं एखादं माणूस शेजारी राहत असेल तर बेल वाजवून सांगायला येईल. बाकी काय हो, तपकीर गल्लीत ते ब्रेडबोर्ड नक्की कुठल्या टोकाला मिळतात? सहज विचारतोय.

कोथरूडचा_बिट

विठोबाच्या देवळाकडच्या टोकाला. घेताना लाल रेघ बघून घ्या.